छत्र्यांविना

डोकं सांभाळून उतरा. पायऱ्या अरुंद आहेत आणि खालचा काळोख अडीच हजार वर्षांचा आहे. रोमच्या वायव्येला तारक्विनिया नावाचं गाव आहे, समुद्रापासून फार लांब नाही. तिथल्या पठाराखाली एत्रुस्कन लोकांनी आपले मृत अशा रंगवलेल्या खोल्यांत ठेवले. कंदील भिंतीजवळ न्या. होडीत बसलेले कोळी, आभाळभर पाखरं, आणि एका रंगीत कड्यावरून समुद्रात सूर मारणारा पोरगा. डोकं खाली, हात पुढे, पाय वर. तो अजून पाण्याला टेकलेला नाही.

आता वर या. हा १९४१ चा शरद आहे, आणि याच गावात आता छत्रीधारी सैनिकांची शाळा आहे. तीन इंजिनांच्या विमानाची घरघर ऐकू येते आणि त्याच्या दारातून माणसं बाहेर पडताना दिसतात. नीट पाहा, ती पाय खाली सोडून पडत नाहीत. आपल्याकडे विहिरीच्या काठावरून पोरं सूर मारतात तसा, पण दोन्ही हात पंखांसारखे फाकवून, सूर मारतात. इटालियन सैनिक याला ‘देवदूताचा सूर’ म्हणतात.

तुमची पाळी आली आहे. दारात वारा एवढा जोराचा आहे, की मागचा काय ओरडतोय ते कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. पाठीवरच्या छत्रीतून निघालेली दोरी विमानात अडकवलेली आहे. तुम्ही पडलात की ती ताणली जाते आणि छत्री उघडते. तुमच्या हातात फक्त पडणं. छत्री उघडली तरी तिला दिशा देता येत नाही, वारा नेईल तिकडे जायचं. जमीन आली की कोलांटी घ्यायची. कोलांटी चुकली तर घोटा जातो, नशीब वाईट असेल तर मान. कपड्यांची माती झटका आणि उठा.

तुमच्या आजूबाजूचे हे सगळे स्वखुशीने आलेले आहेत. कोणी डोंगरी तुकडीतून आला, कोणी तोफखान्यातून, कोणी घोडदळातून. रोमच्या सरदार घराण्यातला पोरगा आणि दक्षिणेतल्या शेतमजुराचा पोरगा एकाच बाकावर बसून बूट बांधतात. इटलीच्या तेव्हाच्या सैन्यात अधिकारी आणि शिपाई यांच्यात जेवणापासून अंथरुणापर्यंत केवढी दरी होती हे माहीत असेल, तर हे दृश्य किती वेगळं आहे ते कळेल. मला वाटतं, पुढे जे घडलं त्याची अर्धी मेख इथे आहे. विमानाच्या दारातून अधिकाऱ्यालाही उडी मारावी लागते, आणि तीही सगळ्यांच्या आधी.

इटलीचा हा प्रयोग सुरू झाला तो १९३८ मध्ये, लिबियात. त्रिपोलीजवळच्या कास्तेल बेनितोला गव्हर्नर इतालो बाल्बो याने लिबियन शिपायांची छत्रीधारी तुकडी उभी केली. सरावातच बरीच माणसं जखमी झाली, काही मेली. पुढच्या वर्षी तारक्विनियाची शाळा निघाली. ३० एप्रिल १९४१ ला ग्रीसच्या केफालोनिया बेटावर एक छोटी तुकडी उतरली. बेटाने प्रतिकार केला नाही, त्यामुळे त्या उडीत गोळीबारापेक्षा वाऱ्याचा त्रास जास्त. आणि १ सप्टेंबर १९४१ ला अख्खी डिव्हिजन उभी राहिली. तिचं ‘फोल्गोरे’ हे नाव मागाहूनचं. फोल्गोरे म्हणजे वीज. वीज वरून खाली येते, एवढं लक्षात ठेवा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे ती विसरायला होईल. ही पोरं मुसोलिनीच्या सैन्यातली आहेत. याच राजवटीने इथिओपियात विषारी वायू टाकला, आणि लिबियातल्या हजारो भटक्या कुटुंबांना काटेरी तारांच्या छावण्यांत मरू दिलं. या पोरांचं धैर्य पाहून तुमचा ऊर भरून आला तर येऊ द्या, पण ते कोणाच्या कामाला जुंपलं होतं हे विसरू नका.

आता १९४२ चा वसंत. इटलीच्या टाचेजवळचा पूलिया प्रांत. ओस्तुनीसारखी पांढरी गावं, ऑलिव्हची जुनी झाडं, आणि शेताशेतांत चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध. कोकणातला माणूस त्यांना गडगेच म्हणेल. डिव्हिजन इथे का आणली आहे ते कोणी उघड सांगत नाही, पण समुद्रापलीकडे माल्टा बेटावरही असेच गडगे आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला गडग्यावरून उडी मारायला, गडग्याआडून गोळी झाडायला, गडग्यांत अडकलेली छत्री सोडवायला शिकवलं जातं. जर्मन छत्रीसेनेतला मुरलेला अधिकारी बर्नहार्ड रामके शिकवायला आला आहे. क्रेटमध्ये उतरलेला माणूस. त्या बेटावर जर्मन छत्रीधाऱ्यांची एवढी हानी झाली होती, की हिटलरचा या प्रकारावरचा विश्वासच उडाला होता.

माल्टा हा ब्रिटिशांचा काटा होता. आफ्रिकेतल्या सैन्याकडे जाणारी इटालियन जहाजं याच बेटावरची विमानं आणि पाणबुड्या बुडवत. माल्टा घेतलं तर आफ्रिकेतला जर्मन सेनापती रोमेल याला पेट्रोल मिळेल. नाही घेतलं तर तो कितीही पुढे गेला तरी टाकी रिकामी. इटालियन सेनापतींना हे कळत होतं. योजनेचं इटालियन नाव ‘सी-३’, जर्मन नाव ‘हर्क्युलिस’. या संध्याकाळी, ऑलिव्हखाली बसून, तुमच्या शेजारचा पोरगा घरी पत्र लिहितोय. त्यात माल्टाचा उल्लेख करायला बंदी आहे, म्हणून त्याने लिहिलं आहे की लवकरच समुद्रात पोहायला जाणार.

आता तुम्हाला क्षणभर दुसरीकडे न्यायला हवं, कारण या पोरांचं पुढचं सगळं तिथे ठरलं. २० जून १९४२ ची पहाट, लिबियातलं तोब्रुक बंदर. संरक्षक रेषेच्या आग्नेय कोपऱ्यात खड्ड्यांमध्ये जी माणसं आहेत, त्यांची कुजबुज ऐका. तुम्हाला दुभाष्या लागणार नाही. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची ही दुसरी बटालियन. रेजिमेंटचं घर बेळगावला. इथली माणसं घाटावरची आणि कोकणातली. रोमेलने हल्ल्यासाठी नेमका हाच कोपरा निवडला आहे. आधी स्टुका विमानं शिटी वाजवत खाली झेपावतात, मग तोफा, मग धुरातून पायदळ आणि त्यामागे रणगाडे. यांच्यासमोरचे सुरुंग विरळ आहेत आणि रणगाडाविरोधी तोफा थोड्या. ही माणसं लढली, पण दुपारच्या आत त्यांच्या डोक्यावरून युद्ध पुढे निघून गेलं. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, ३३ हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले.

त्या एका दिवसाने रोमेलच्या डोक्यात कैरो शिरलं. बंदर मिळालं, ब्रिटिशांचे साठे मिळाले, आता माल्टासाठी थांबायचं कशाला? हिटलरला निमित्तच हवं होतं, मुसोलिनीला विजयाची घाई होती. माल्टाची उडी आधी पुढे ढकलली, मग सोडून दिली. तोब्रुकला पकडलेल्या कितीतरी हिंदी सैनिकांना इटलीतल्या छावण्यांत पाठवलं गेलं, आणि इटलीचे छत्रीधारी आफ्रिकेला निघाले. भूमध्य समुद्रावर दोघांची वाट एकमेकांना छेदून गेली.

जुलै. हुकूम आला आहे की आफ्रिकेला जायचं, आणि जायचं साधं पायदळ म्हणून. उडीचं सामान मागे राहतं. गुप्ततेसाठी डिव्हिजनला ‘आफ्रिकेचे शिकारी’ असं नाव देतात आणि छत्रीची चिन्हं झाकायला सांगतात. ग्रीसमार्गे विमानाने वाळवंटात उतरल्यावर पहिला धक्का बसतो. छत्रीधारी तुकडी हलकी असते. शत्रूच्या मागे पडायचं, एखादा पूल किंवा विमानतळ दोन-तीन दिवस धरून ठेवायचा, तोवर मुख्य सैन्य येतं, हा तिचा हिशेब. म्हणून तिच्याकडे ट्रक नसतात, मोठ्या तोफा नसतात, मोठा मुदपाकखाना नसतो. वाळवंटात मात्र ज्याच्याकडे चाकं आहेत तोच जगतो. हजारो शिकवलेल्या माणसांना त्यांची एकमेव विद्या काढून घेऊन, त्यांच्याकडे नसलेल्या गोष्टींवर चालणाऱ्या लढाईत उभं करणं, याला मी तरी सेनापतीपण म्हणणार नाही.

इजिप्तमधल्या अल अलामीनची आघाडी साठेक किलोमीटरची. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला कत्तारा नावाचा प्रचंड खोलगट प्रदेश, ज्यात रणगाडे उतरू शकत नाहीत. फोल्गोरेच्या वाट्याला दक्षिणेचं टोक आलं, सुमारे १५ किलोमीटर. दैर अल मुनासिब हा खड्डेवजा भाग आणि हिमैमातचा डोंगर ही तिथली ठिकाणं.

तुमचा खड्डा घ्या. वाळवंट म्हणजे मऊ वाळू ही आपली सिनेमातली समजूत. इथे हातभर खाली खडक लागतो. कुदळीचं पातं वाकतं. खोल जाता येत नाही म्हणून कडेने दगड रचायचे. पूलियात शिकलेलं काम इथे असं उपयोगी पडलं. दिवसा डोकं वर काढायचं नाही, कारण समोर दुर्बिणी आहेत. म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, ऑगस्टच्या उन्हात, थडग्याएवढ्या जागेत पडून राहायचं. माश्या डोळ्यांच्या कडांना, ओठांना, जखमांना बसतात आणि हाकलून उठत नाहीत. पाणी थोडं, आणि ज्या डब्यांतून येतं त्यांना पेट्रोलचा वास. सगळ्यांनाच हगवण, खड्ड्यातून बाहेर पडता येत नाही याचा अर्थ तुम्हीच समजून घ्या. रात्री गार पडलं की डबाबंद मांस येतं. डब्यावर ‘एएम’ ही लष्करी कारभाराची अक्षरं. जर्मन सैनिकांनी त्याचा अर्थ ‘म्हातारा माणूस’ असा लावला आहे. चव घेतल्यावर तुम्हाला तो पटेल.

पण अंधार पडला की ही माणसं बदलतात. दोघे-तिघे मिळून सुरुंगांमधून सरपटत पलीकडे जातात आणि पहाटे कैदी घेऊन येतात. ४ सप्टेंबरला त्यांच्या हाती चक्क न्यूझीलंडचा ब्रिगेडियर जॉर्ज क्लिफ्टन लागला. रोमेलने लिहून ठेवलं आहे, की हा गृहस्थ आपल्याला पकडणाऱ्या इटालियनांनाच शरण येण्यासाठी पटवत होता, आणि एक जर्मन अधिकारी मध्ये आला म्हणून त्याचा डाव फसला. पुढे तो शौचालयाच्या खिडकीतून पळाला आणि पुन्हा सापडला. युद्धात असेही प्रसंग असतात. महिन्याच्या शेवटी, ३० सप्टेंबरला, ब्रिटिशांच्या १३१ व्या ब्रिगेडने मुनासिबवर हल्ला केला आणि मोठं नुकसान सोसून ती परतली. त्यानंतर समोरच्या बाजूचे या चिंध्या नेसलेल्या पोरांबद्दल सावधपणे बोलू लागले.

२३ ऑक्टोबर. चंद्र पूर्ण आहे. तिकडे महाराष्ट्रात आज कोजागरी, इथे त्याच चांदण्यात सुरुंग काढणाऱ्यांना जमीन दिसावी म्हणून ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरीने ही रात्र धरली आहे. रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी उत्तरेचं क्षितिज एकदम पेटतं. नऊशेच्या आसपास तोफा. तुमच्या बाजूलाही गोळे पडू लागतात आणि खड्ड्याच्या कडेचे दगड तुमच्या पाठीवर येतात. तोंड उघडं ठेवा, म्हणजे कानाचे पडदे फाटणार नाहीत.

मग धुरळ्यातून रणगाडे येतात. तुमच्याजवळची तोफ आहे ४७ मिलिमीटरची, गुडघाभर उंचीची. समोरून येणाऱ्या ग्रँट रणगाड्यावर तिचा गोळा आदळतो आणि चेंडूसारखा उडतो. म्हणून तोफेवरचा पोरगा मारत नाही, थांबतो. रणगाडा वळेल, बाजू दाखवेल, आणखी जवळ येईल. जमिनीचा थरथराट तुमच्या दातांत उतरतो. काही रणगाडे खड्ड्यांवरून सरळ पुढे जातात, आणि ते गेले की त्यांच्या मागून माणसं जमिनीतून उगवतात. पेट्रोलच्या बाटल्या इंजिनाच्या जाळीवर फुटतात. कोणी सुरुंग हातात घेऊन साखळीपट्ट्याखाली सरकवायला धावतो. त्यातले काही परत येतात.

हिमैमातच्या डोंगरावर फ्रेंच फॉरेन लीजनने चढाई केली. तिचा जॉर्जियन सेनानी दिमित्री अमिलाखवारी २४ तारखेला पडला. त्याच दिवशी इटालियन बाजूला लेफ्टनंट कर्नल मारेस्कोत्ती रुस्पोली मेला, आणि दोन दिवसांनी त्याचा भाऊ कोस्तान्तिनो. रोमच्या सरदार घराण्यातले हे दोघे. दोघांनाही शौर्याचं सुवर्णपदक मिळालं, मरणोत्तर.

फोल्गोरेने मॉन्टगोमेरीला अडवलं असं इटलीतल्या भावुक लेखनात वाचायला मिळतं. ते जरा आवरून घ्यायला हवं. मॉन्टगोमेरीचा खरा घाव उत्तरेला होता. दक्षिणेचा हल्ला शत्रूचे रणगाडे तिकडे गुंतवून ठेवण्यासाठी होता, आणि तिथल्या ब्रिटिश सेनापतींना आपली चिलखती डिव्हिजन खर्ची घालायची नव्हती. तरीही जो हल्ला झाला तो खराच होता, मेले ते खरेच मेले, आणि रेषा कुठेही फुटली नाही. तिथून फोल्गोरे हटली ती हुकूम आला म्हणून.

तो हुकूम नोव्हेंबरच्या दुसऱ्या रात्री येतो. उत्तरेला सगळं कोसळलं आहे. मागे या. कशाने? ट्रक नाहीत. जे थोडे होते ते दुसरीकडे गेले. शेजारच्या पाव्हिया आणि ब्रेशिया डिव्हिजनांचंही तेच. आणि ३ तारखेला हिटलरची तार येते, की एक पाऊल मागे घ्यायचं नाही. तिने आणखी एक दिवस वाया जातो. रामकेच्या जर्मन छत्रीधाऱ्यांनी वाटेत ब्रिटिशांचा रसदीचा ताफाच पळवला आणि त्यात बसून ते निसटले. इटालियनांना तसं घबाड मिळालं नाही.

दोरी खांद्यावर घ्या. पावणेतीनशे किलोची ती तोफ ओढायची आहे. तोफ टाकून दिली तर चाल दुप्पट होईल हे सगळ्यांना कळतं, पण मागून चिलखती गाड्या येतायत. रात्री ओढायचं, दिवसा गाड्या आल्या की थांबून, तोफ फिरवून, उरलेले गोळे झाडायचे, पुन्हा ओढायचं. तुमच्या बुटाचा तळ सुटलेला आहे. पाणी संपलंय. कोणीतरी बिघडलेल्या ट्रकच्या रेडिएटरमधलं गंजकं पाणी काढतो आणि ते झाकणाने मोजून वाटलं जातं. कालपर्यंत तुमच्या पुढे चालणारा तो पूलियातला पत्रलेखक आज रांगेत नाही. कधी मागे पडला ते तुम्हाला आठवत नाही.

६ नोव्हेंबर, दुपारचे अडीच वाजून गेलेत. गोळे संपले आहेत. सभोवती ब्रिटिश गाड्या आहेत आणि त्या घाई करत नाहीत. हुकूम होतो: शस्त्रं मोडा. बंदुकांचे खटके काढून वाळूत पुरले जातात, तोफेचं यंत्र फोडलं जातं. मग रांगेत उभं राहायचं. फोल्गोरेतले लोक सांगत आले, की पांढरं फडकं कोणी दाखवलं नाही आणि हात कोणी वर केले नाहीत. सुमारे पाच हजारांच्या डिव्हिजनमधून त्या दुपारी ३०४ माणसं उभी होती, त्यांपैकी ३२ अधिकारी. निसटलेल्यांची एक बटालियन ट्युनिशियात लढली आणि १९४३ च्या वसंतात तीही संपली. जेमतेम चौदा महिने टिकलेल्या या छत्रीधारी डिव्हिजनने युद्धात एकही उडी मारली नाही.

आता परत यायचं, पण एका थांब्याने. १९४८ नंतरचं तेच वाळवंट. जीपमधून एक इटालियन माणूस जमीन न्याहाळत हळू फिरतोय. पाओलो काच्चा दोमिन्योनी. याच आघाडीवर इंजिनियर तुकडीचा अधिकारी होता, पेशाने वास्तुशिल्पी. सुरुंगांनी भरलेल्या या पट्ट्यात तो वर्षानुवर्षं हाडं गोळा करत राहिला, इटालियनांची, आणि सापडली तर इतरांचीही. त्याच्या बेदूइन साथीदारांपैकी काही सुरुंग फुटून मेले. गोळा केलेल्यांसाठी त्याने समुद्राकाठी अष्टकोनी पांढरा मनोरा बांधला.

अलेक्झांड्रियाहून पश्चिमेला गाडीने शंभरेक किलोमीटरवर हे ठिकाण लागतं. कधी गेलात तर आधी राष्ट्रकुलाच्या दफनभूमीत थांबा. हिंदू आणि शीख सैनिकांना तिथे पुरलेलं नाही, दहन केलं. त्या सहाशेहून अधिक जणांची नावं वेगळ्या स्मारकावर कोरलेली आहेत. तीही सावकाश वाचा. मग पुढे इटालियन मनोऱ्यात जा. आत भिंतीभर चौकोनी दगड आहेत, ओळीवर ओळ. पुष्कळांवर नाव नाही, एकच शब्द आहे: ‘इन्योतो’. म्हणजे अनाम.